छतावरची डाळिंबे

विलायतेतल्या खेड्यांमधल्या मोठ्या घरांविषयी आपल्याकडच्या वाचणाऱ्या माणसाची कल्पना ठरून गेलेली असते. ती बहुतेक कादंबऱ्यांतून आलेली, आणि अलीकडे पडद्यावरून. दुतर्फा झाडांची लांबलचक रांग, तिच्या शेवटी शंभर खिडक्यांचा वाडा, पुढे खांबांचा मंडप, मागे तळे, आणि तळ्याकाठी कुणा लॉर्डसाहेबांची दोन उंच कुत्री. अशी घरे तिकडे आहेत, आणि पुष्कळ आहेत. त्यांतली दोन-तीन मी हौसेने पाहिली. छाती दडपते, पाय दुखतात, आणि बाहेर आल्यावर ध्यानात राहते ते एवढेच, की मालकाजवळ पैसा फार होता.

केंट परगण्यातले आयटम मोट हे घर त्या जातीचे नव्हे. सेव्हनोक्स गावापासून काही मैलांवर, एका खोलगट जागी ते असे दडून बसले आहे की वरच्या रस्त्याने जाणाऱ्याला त्याचा पत्ताही लागू नये. झाडीतून उतरत गेले म्हणजे आधी दिसतात कौले, मग धुराडी, मग पाणी. आणि पाण्यातून थेट वर आलेल्या भिंती. लिहायचे 'इग्थम' आणि म्हणायचे 'आयटम', हा इंग्रजी भाषेचा नेहमीचा चावटपणा. 'मोट' या शब्दाचा आपल्या विहिरीवरच्या मोटेशी अर्थातच संबंध नाही. मोट म्हणजे खंदक, की पूर्वी गावची सभा जिथे भरे ती 'मूट', असा तिथल्या विद्वानांत वाद आहे. डोळ्यांपुढे खंदक असताना वाद कशाचा, असे आपल्यासारख्याला वाटते. पण विद्वानांचे डोळ्यांपुढच्या गोष्टीने समाधान होत नाही.

मला तिथे नेले माझ्या भाचीने. "मामा, तुम्हांला राजवाडे दाखवण्यात अर्थ नाही. तुम्ही नुसते आढ्याकडे बघत फिरता. तेव्हा आढं बघण्यासारखं घर दाखवते," ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. बांधकाम खात्यात पस्तीस वर्षे नकाशे काढल्यावर माणसाची मान वरच राहते. कुठल्याही घरात शिरलो की आधी तुळई कुठे टेकली आहे ते पाहायचे, यजमानांची विचारपूस नंतर.

आत पाऊल टाकले आणि पहिल्या पाच मिनिटांतच घरच्यासारखे वाटू लागले, कारण हा वाडा सरळ सरळ चौसोपी आहे. मध्ये फरसबंदी चौक, चारी बाजूंना सोपे, बाहेरून चौकोनी खंदक आणि त्यावर तीन पूल. सत्तरांहून अधिक खोल्या या एका चौकाभोवती बसवल्या आहेत. दरवाजावर बुरूज आहे, आणि दरवाजाशेजारी भिंतीत एक अरुंद, उभी फट ठेवली आहे. आलेला माणूस कोण, कुठला, त्याच्या हातात कागद आहे की काठी, हे देवडीवाल्याने दार उघडण्यापूर्वी त्या फटीतून पाहून घ्यायचे. आमच्या वाड्यात या कामाला एक आत्या होती. तिची खिडकी जरा रुंद होती, एवढाच फरक.

या घराला कुणी एक वास्तुशिल्पी नाही. त्याचा नकाशा कुणी कधी काढला नाही, आणि मला विचाराल तर कुणाला काढताही आला नसता. मूळचे घर चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. त्या वेळी एक मोठे दालन, त्याला लागून मालकाच्या दोन खाजगी खोल्या, आणि एक देवघर, म्हणजे चॅपेल, असा एवढाच पसारा होता. त्याच शतकात पुढे सर टॉमस कॉन नावाचे एक सरदार इथे राहत होते. पंधराव्या शतकात हॉट घराण्याने बुरूज उभा केला आणि एकेक बाजू वाढवीत चौक पुरा केला. खंदकामुळे बाहेर पसरायला जागा नाही, तेव्हा जो येईल त्याने आतल्या आतच दाटीवाटीने बांधायचे. खाली दगड, वर लाकडी चौकट आणि तिच्यात भरलेला गिलावा, मध्येच विटा, असे हे बांधकाम आहे. चौदाव्या शतकाचा बाहेरून आता फारसा मागमूस नाही, पुढच्या दोन शतकांनी त्याच्या अंगावर आपापले कपडे चढवले आहेत. पण मोठ्या दालनात जाऊन वर पाहावे. मधली कमान दगडाची, बाजूच्या ओक लाकडाच्या, आणि सातशे वर्षांचा भार अजून त्यांच्याच खांद्यावर.

दालनाच्या वरच्या अंगाला, मालकाच्या खोल्यांशेजारी जुने चॅपेल आहे, आणि त्याच्या खाली दगडी कमानींचे तळघर. आपले देवघर जसे माजघराच्या जवळ, तसे हे त्यांचे निजण्याच्या खोल्यांच्या जवळ. त्या काळी बड्या घराला स्वतःचे चॅपेल असणे ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, पण तिच्यात सोयही होती. हिवाळ्यातल्या चिखलातून गावच्या देवळापर्यंत कोण जाणार? उपाध्याय घरीच ठेवला म्हणजे प्रार्थना चुकायची नाही आणि जोडेही भिजायचे नाहीत.

खरी मौज आहे ती नव्या चॅपेलात. 'नवे' म्हणजे सुमारे पाचशे वर्षांचे! १५२१ साली सर रिचर्ड क्लेमेंट नावाच्या दरबारी गृहस्थाने हे घर चारशे पौंडांना विकत घेतले. हा आठव्या हेन्री राजाच्या पदरचा माणूस. अशा माणसाला नवे घर मिळाले की पहिली इच्छा होते ती आपण कुणाचे आहोत हे आल्यागेल्याला दाखवण्याची. आपल्याकडे पूर्वी दिवाणखान्यात संस्थानिकांची तसबीर लावीत, त्यातलाच हा प्रकार. क्लेमेंटने ते काम छतावर केले. आज नवे चॅपेल म्हणून ओळखतात त्या लांबट खोलीचे छत त्याच्या वेळचे आहे. ते अर्ध्या पिंपासारखे गोलाईचे, लाकडी फळ्यांचे, आणि त्या फळ्यांवर राजघराण्याची चिन्हे रंगवली आहेत. ट्यूडर घराण्याचा गुलाब, किल्ल्याच्या दाराची जाळी, लिलीचे फूल. आणि त्यांच्याबरोबर बाणांची जुडी, कॅस्टिलचा किल्ला, आणि डाळिंब.

केंटच्या ओल्या हवेत डाळिंब कुठून आले? ते आले स्पेनमधून. हेन्रीची पहिली राणी कॅथरिन ही स्पेनची राजकन्या. तिच्या आईबापांनी, म्हणजे इझाबेला आणि फर्डिनांड यांनी, १४९२ साली ग्रॅनाडा जिंकले. ग्रॅनाडाचे चिन्ह डाळिंब, ते मुलीने लग्नात आपल्याबरोबर आणले. १५०९ साली हेन्रीशी तिचे लग्न झाले तेव्हापासून इंग्लंडात जिथे जिथे राजाचा गुलाब तिथे तिथे राणीचे डाळिंब, असा रिवाज पडला. क्लेमेंटच्या रंगाऱ्याने त्या रिवाजाप्रमाणे दोन्ही रंगवली.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. राणीला मुलगा झाला नाही. राजाचे मन अ‍ॅन बोलिनवर बसले. पोपने काडीमोड मान्य केली नाही, तेव्हा राजाने पोपलाच सोडचिठ्ठी दिली. १५३३ साली कॅथरिनचे लग्न रद्दबातल ठरवण्यात आले आणि देशाचा धर्म एका संसाराच्या भांडणात वेगळ्या वाटेला लागला. (इतिहासकार याची आणखी बरीच कारणे सांगतात, आणि ती खरीही असतील.) गंमत अशी की ही अ‍ॅन बोलिन वाढली ते हीव्हरचे घर याच केंट परगण्यात आहे, इथून फार लांब नाही. म्हणजे नव्या राणीच्या शेजारच्या गावात जुन्या राणीची डाळिंबे छतावर झळकत होती, आणि ज्याच्या छतावर झळकत होती तो राजाचाच माणूस होता.

त्याने ती पुसली नाहीत.

का पुसली नाहीत, याचा उलगडा करणारा कागद नाही. मी खाली उभा राहून बराच वेळ विचार केला. निष्ठा म्हणावी, तर दरबारी माणसाची निष्ठा एवढी टिकत नाही. धैर्य म्हणावे, तर घरातल्या घरात छत न रंगवणे याला धैर्य म्हणणे जड जाते. माझ्या खात्यातल्या अनुभवाला धरून बोलायचे तर मला वाटते, कारण परांचीचे असावे. एवढ्या उंच गोलाईला रंग द्यायचा म्हणजे परांची बांधा, रंगारी आणा, महिनाभर खोली बंद ठेवा. राजाने बायको बदलली म्हणून आपण छत बदलायचे की काय? आणि बदलले तरी भरवसा कसला! अ‍ॅनचे चिन्ह रंगवून तीन वर्षे होतात न होतात तोच १५३६ साली तिचे मुंडके उडाले. हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात तिची आद्याक्षरे मोठ्या हौसेने कोरली होती, ती नंतर घाईघाईने काढावी लागली. तरी घाईत काही नजरेतून सुटली आणि आजही दिसतात. आयटम मोटच्या मालकाने काहीच केले नाही, आणि त्याचे छत शिल्लक राहिले.

नुसते शिल्लक राहिले एवढेच नाही, तर पुढे त्याच्याखाली प्रार्थनाही होत गेल्या. देशातल्या देवळांतल्या भिंतींवरचे संत पुढे चुन्याखाली गेले, मूर्ती फुटल्या. इथल्या छतावर संत नव्हतेच, राजाची चिन्हे होती. कदाचित म्हणूनच ती धर्माच्या तावडीतून सुटली. लॅटिन मंत्र गेले, इंग्रजी प्रार्थना आल्या, वेदीइतकाच मान प्रवचनाच्या व्यासपीठाला आला. ज्यांना रोमचा राग अशी माणसे रोमच्या बाजूने उभ्या राहिलेल्या राणीच्या डाळिंबांखाली गुडघे टेकीत राहिली, आणि कुणाला त्यात विसंगती वाटली नाही. मान वर करून छताकडे पाहण्याची सवय फार थोड्यांना असते.

१५९१ मध्ये घर सेल्बी घराण्याकडे आले आणि जवळजवळ तीनशे वर्षे त्यांच्याकडे राहिले. त्यांच्यातला दुसरा सर विल्यम सेल्बी हा १६०३ साली बेरिक शहराच्या किल्ल्या पहिल्या जेम्स राजाच्या हाती देणारा म्हणून प्रसिद्ध आहे. पण माझ्या मते घरात नाव घेण्यासारखी बाई म्हणजे त्याची बायको डोरोथी. ही भरतकामात निष्णात होती. १६४१ मध्ये ती वारली. गावच्या देवळात तिचे स्मारक आहे, त्यावरच्या लेखात तिच्या कलेने 'तो कट' उघड केला अशा अर्थाचे काव्य कोरले आहे. झाले! १६०५ साली पार्लमेंट दारूने उडवण्याचा जो कट झाला तो डोरोथीबाईंनीच फोडला, अशी आख्यायिका उठली. वास्तविक बाईंनी त्या कटाचा देखावा कापडावर भरला होता, एवढाच त्या ओळींचा सरळ अर्थ. सुईदोऱ्याने केलेल्या कामावर माणसे समाधान मानीत नाहीत, बाईच्या हातून काही तरी सनसनाटी घडले पाहिजे. भिंतीत चिणलेल्या मुलीची एक भाकडकथाही या घराला चिकटली आहे, आणि अ‍ॅन्या सेटन या लेखिकेने १९७२ मध्ये तिच्यावर जाडजूड कादंबरी लिहिल्यापासून तर ती निघता निघत नाही. आमच्यासमोरच एका बाईंनी ती भिंत कुठली म्हणून विचारले. माहिती सांगणारे वृद्ध गृहस्थ इतक्या सौजन्याने हसले की हा प्रश्न त्यांना रोज येत असावा हे उघड झाले.

सेल्बींच्या काळात घराचे अंतरंग पुष्कळ बदलले. बैठकीच्या खोलीत घराण्याचे बोधचिन्ह मिरवणारी कोरीव शेगडी आली. अठराव्या शतकात तिच्या भिंतींवर थेट चीनमधून आलेला, हाताने पक्षी आणि फुलांच्या फांद्या रंगवलेला कागद चढला. एकोणिसाव्या शतकात नॉर्मन शॉ या नामांकित वास्तुशिल्पीने काही खोल्यांना नवे रूप दिले. एका घरात ओकची तुळई, स्पेनचे डाळिंब आणि चीनचा पक्षी असे तीन पाहुणे गुण्यागोविंदाने राहू लागले.

शेवटी सेल्बींनाही घर झेपेनासे झाले. १८८७ पासून काही काळ ते विल्यम पामर या अमेरिकन रेल्वेवाल्याच्या कुटुंबाने भाड्याने घेतले होते. त्यांच्याकडे हेन्री जेम्स आला, एलन टेरी आली, आणि चित्रकार सार्जंट आला. सार्जंटने पामरच्या एल्सी या तरुण मुलीचे एक चित्र काढले आहे. पांढऱ्या झग्यात ती अगदी समोर पाहत बसली आहे, आणि तिच्या मागे आहेत याच चॅपेलातल्या ओकच्या फळ्या, घडी घातलेल्या कापडाच्या चुण्या पडाव्यात तशा कोरलेल्या. ते चित्र आता अमेरिकेत आहे. मी त्याची छापील प्रत पाहिली. मुलगी हसत नाही, पण त्या जुन्या लाकडाला पाठ लावून ती अगदी निश्चिंत बसली आहे.

१८८९ मध्ये सर टॉमस कोलियर-फर्ग्युसन यांनी घर विकत घेतले. यांनी दुरुस्त्या केल्या आणि आठवड्यातून एक दिवस दुपारी लोकांना घर पाहायला मोकळे ठेवले. चौकात जे लाकडी कुत्र्याचे घर आहे ते यांच्याच वेळचे. डायडो नावाच्या त्यांच्या सेंट बर्नार्ड कुत्रीसाठी ते १८९१ साली बांधले. कुत्री केवढी होती याची कल्पना त्यावरून येते. मुंबईत एवढ्या जागेत बिऱ्हाड मांडतात. राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंच्या सरकारी यादीत त्याला पहिल्या दर्जाचे स्थान आहे, आणि आलेले प्रत्येक मूल त्यात डोके घालून पाहते.

पण या घराण्याच्या वाट्याला सुख फार काळ आले नाही. धाकटा मुलगा रिव्हर्सडेल पहिल्या महायुद्धात बेल्जममध्ये लढत होता. ३१ जुलै १९१७ रोजी मूठभर सोबत्यांनिशी त्याने शत्रूचा खंदक आणि मशीनगन काबीज केली आणि थोड्याच वेळात लपून बसलेल्या बंदूकधाऱ्याच्या गोळीला तो बळी पडला. वय एकवीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. नव्या चॅपेलात त्याच्या आठवणीचा एक साधा लाकडी क्रूस आहे. एवढ्या रंगवलेल्या छताखाली रंग न दिलेली वस्तू तेवढीच माझ्या डोळ्यांत भरली. दुसरा मुलगा मॅक्स १९४० मध्ये बाँबहल्ल्यात गेला. म्हातारे सर टॉमस १९५१ पर्यंत जगले.

त्यांच्या नातवाला घराचा खर्च पेलण्यासारखा नव्हता. १९५१ च्या ऑक्टोबरात तीन दिवस सामानाचा लिलाव चालला. घराचे काय करायचे यावर दोन सूचना पुढे आल्या. एक, ते पाडावे आणि छपरावरचे शिसे विकून पैसे करावेत. दुसरी, त्याचे फ्लॅट पाडावेत.

हे ऐकताना भाचीने माझ्याकडे पाहिले आणि मी खंदकाकडे पाहिले. आमचा पुण्यातला वाडा तिच्याही आजोळचा. आजोबांच्या मागे त्याला सात वाटेकरी झाले, भाडेकरू अकरा. पावसाळ्यात दर वर्षी एक भिंत पोट काढी. देवघराच्या चौकटीवर सुताराने वेलबुट्टी कोरलेली होती. वाडा उतरला तेव्हा ती चौकट जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याने मापून घेतली आणि देव सात घरांत वाटले गेले. बाळकृष्ण माझ्याकडे आला. तिथे आता पाच मजली इमारत आहे, लिफ्ट आहे, पाणी चोवीस तास आहे. माझ्या बहिणीचे गुडघे तिथे सुखी आहेत. तेव्हा मी वाड्यासाठी गळा काढणार नाही. पण फ्लॅटच्या सूचनेत काय काय गृहीत असते, हे मला त्या माहिती सांगणाऱ्या गृहस्थांकडून समजून घ्यावे लागले नाही.

त्या काळात इंग्लंडात अशी घरे शेकड्यांनी पडत होती. मृत्युकर, नोकरांची टंचाई, युद्धात लष्कराने वापरून खिळखिळी केलेली छपरे, कारणे पुष्कळ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयाने १९७४ साली या पडलेल्या घरांचे प्रदर्शन भरवले, तेव्हा कुठे लोकांना आपण काय पाडले याची मोजदाद झाली. आयटम मोट त्या यादीत जायचे वाचले ते आसपासच्या तीन गृहस्थांमुळे. त्यांनी साडेपाच हजार पौंड एकत्र करून घर घेतले, राहण्यासाठी नव्हे, तर कुणी तरी चांगला धनी मिळेपर्यंत सांभाळण्यासाठी. पुढच्या सगळ्या राजेरजवाड्यांपेक्षा मला हे तिघे मोठे वाटतात. त्यांचे नाव कुठल्या छतावर रंगवलेले नाही.

धनी मिळाला तो १९५३ साली, तोही अमेरिकन. चार्ल्स हेन्री रॉबिन्सन, मेन राज्यातल्या पोर्टलंड गावचे. युद्धाच्या दिवसांत ते या भागात होते, तेव्हापासून घर त्यांच्या मनात होते. त्यांनी खरेदीचा शब्द दिला आणि 'क्वीन मेरी' जहाजाने परत निघाले. बोटीवर मात्र विचार पडला, की आपण हे काय करून बसलो! बेत रद्द करीत असल्याचे पत्र त्यांनी लिहून काढले. पण बोटीवर तिकिटे मिळेनात, पत्र खिशात राहिले, आणि किनारा येईपर्यंत मन पुन्हा फिरले, असे सांगतात. टपालाच्या तिकिटांच्या तुटवड्याने जगाचे एवढे भले दुसरीकडे कुठे झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

रॉबिन्सनसाहेबांना कराच्या भानगडीमुळे वर्षातून चौदा आठवडेच इथे राहता येई. तेवढ्यात त्यांनी तातडीच्या दुरुस्त्या केल्या, लिलावात गेलेल्या सामानाच्या जागी सतराव्या शतकातल्या खुर्च्यामेजे शोधून आणली, आणि १९६५ साली जाहीर केले, की आपल्यामागे हे घर सामानासकट नॅशनल ट्रस्टला द्यायचे. ही १८९५ साली निघालेली संस्था. लोकांच्या वतीने जुनी घरे आणि रानेवने सांभाळायची, हा तिचा धंदा.

१९८५ मध्ये ट्रस्टच्या हाती घर आले आणि त्यांनी ते तपासले, तेव्हा पाया, भिंती आणि लाकूड यांची अवस्था बघण्यासारखी नव्हती. ओकचे लाकूड पोखरणारा एक भुंगेरा असतो, त्याला तिकडे 'डेथवॉच' म्हणतात. तो लाकडावर डोके आपटून घड्याळासारखा टिकटिक आवाज करतो. पूर्वी आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणाऱ्यांना सगळे निजानीज झाल्यावर तो आवाज ऐकू येई, म्हणून हे नाव. त्याच्या अळ्या वर्षानुवर्षे आतून खात राहतात आणि बाहेरून तुळई ठणठणीत दिसते. १९८९ पासून २००४ पर्यंत, म्हणजे पंधरा वर्षे, हे काम चालले. घराचे भागच्या भाग उतरवले, बांधणीची रीत नोंदून ठेवली, सडलेला तेवढाच तुकडा कापून तिथे नवा ओक जोडला, आणि सगळे पुन्हा होते तसे उभे केले. एक कोटी पौंडांहून अधिक खर्च आला.

या कामाविषयी मला फार बोलायचे आहे, पण दिवाळी अंकात तुळयांचे सांधे किती सांगणार! एकच सांगतो. असे काम हाती घेतले की पहिला प्रश्न पैशाचा नसतो. तो असतो, की कुठल्या शतकापर्यंत मागे जायचे? भिंतीवरचा थर काढला की खाली दुसरा, त्याखाली तिसरा. चिनी कागदाखाली जुनी भिंत, शॉसाहेबांच्या फळ्यांमागे त्याहून जुने काम. माझ्या खात्यात या प्रश्नाचे उत्तर सोपे होते, जे सर्वांत जुने ते खरे, बाकीचे खरवडा. कित्येक देवळांच्या भिंती त्या न्यायाने उघड्या झालेल्या मी पाहिल्या आहेत. इथे त्यांनी ठरवले, की सगळीच शतके घराची आहेत. झाकलेले पुष्कळ काही या निमित्ताने उजेडात आले, तरी त्यासाठी पुढच्या पिढीचे सरसकट खरवडून टाकले नाही. चिनी कागद उतरवून, निगा राखून परत चढवला. एवढेच काय, रॉबिन्सनसाहेबांची वाचनाची खोली १९६० च्या सुमारास एका मासिकात छापून आली होती, ती तशीच मांडून ठेवली आहे. चौदाव्या शतकातल्या दालनापासून चार पावलांवर आमच्या लहानपणीचे कोच आणि दिवे! भाची म्हणाली, "अय्या, आजीकडे असाच दिवा होता ना?" होता. तो कुठे गेला ते सात वाटेकऱ्यांपैकी कुणालाच आठवत नाही.

आता नवा ओक घातल्यावर घर तेच राहिले का, हा तर्कशास्त्राचा प्रश्न कुणी घालील. नवे तुकडे पांढुरके दिसतात, नीट पाहिले की ओळखू येतात, आणि ते कुणी काळे रंगवून लपवलेले नाहीत, हे मला फार आवडले. ज्या सुताराने ते बसवले त्याचे कुसू जुन्या खोबणीत इतके चपखल बसले आहे, की मी भाचीचा हात धरून तिला तो सांधा दोनदा दाखवला. तिने दोनदा पाहिला, यात तिचे वळण दिसते.

निघताना पुन्हा एकदा चॅपेलात गेलो. बाकावर टेकलो आणि मान मागे टाकली. रंग फिकट झाले आहेत. लाल पुष्कळसा उडाला आहे, हिरवा कसाबसा तग धरून आहे. ते छत ट्रस्टने नव्याने रंगवले नाही. गुलाब चटकन ओळखू येतो, डाळिंब जरा शोधावे लागते. उकललेल्या सालीतून दाणे दिसावेत असे ते काढलेले आहे. एकदा एक दिसले की मग इथेही, तिथेही दिसू लागतात. शेजारच्या बाकावरच्या एका इंग्रज आजीबाईंनी मी काय पाहतो म्हणून वर पाहिले, आणि आम्ही दोघे काही वेळ तसेच बसलो.

रॉबिन्सनसाहेब १९८५ साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा जुन्या चॅपेलखालच्या त्या तळघराच्या लगत, भिंतीत बसवली आहे. करखात्याने ज्यांना वर्षातून चौदा आठवड्यांपेक्षा अधिक राहू दिले नाही, ते आता बाराही महिने तिथे असतात. आम्ही बाहेरून पुलावर उभे राहून त्या बाजूची भिंत पाहत होतो तेव्हा खंदकात बदके होती, आणि पलीकडे कुणाचा तरी लहान मुलगा कुत्रीच्या घरातून बाहेर यायला तयार नव्हता.